घरात आजारी माणूस सांभाळताना: गोव्यात कोणती मदत कोणत्या मदतीसोबत चालते

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तो चवथीच्या आदल्या आठवड्यात. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातून घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस बघायला येणाऱ्यांनी घर भरलेलं असायचं आणि प्रत्येकजण काही ना काही सांगून जायचा. त्यातला एक सल्ला आम्हांला महागात पडला. ‘म्हातारीसाठी दयानंदचा फॉर्म भरशील, तर तुझं गृह आधार बंद होईल हां,’ असं वाड्यावरच्या एका जाणत्या बाईने सांगितलं. दोन्ही गोवा सरकारच्या, महिन्याला पैसे देणाऱ्या योजना. मी घाबरले. माझ्या खात्यात महिन्याला येणारे दीड हजार हेच माझ्या हातचे पैसे होते, आणि त्यांतले निम्मे तर डायपरवरच जात होते. मी सात महिने फॉर्म भरलाच नाही. महिना दोन हजारांच्या हिशेबाने चौदा हजार रुपये गेले, ते परत आले नाहीत.

सल्ला चुकीचा होता. सुनेचं गृह आधार आणि सासूचं दयानंद एकाच घरात चालतं. त्या बाईने कुठेतरी अर्धं ऐकलं होतं: या दोन योजनांचे पैसे एकाच माणसाला मिळत नाहीत, हा नियम खरा आहे. पण तो माणसाला लागू आहे, घराला नाही. आता गेली चार वर्षं मी डिचोली तालुक्यातल्या आमच्या भागात नव्याने या चक्रात सापडलेल्या बायकांसोबत कागद लावायला बसते. प्रत्येकीचा पहिला प्रश्न हाच असतो, एक घेतलं तर दुसरं जाईल का? तुम्हीही तिथेच असाल तर इथून सुरुवात करा.

पैसा कोणाच्या नावाने येतो

आजारी माणसाची उठाबस करणाऱ्याला त्या कष्टाचे म्हणून पैसे मिळावेत, हा विचार आपल्या कायद्यात आलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या २४व्या कलमात, ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. केरळात अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना आहे, महिना ६०० रुपयांची. अर्ज द्यायला जाल तेव्हा या भत्त्याची लेखी विचारणा जरूर करा, मागणी नोंदली गेली पाहिजे. पण आपल्याकडे घरोघर दर महिन्याला जे पैसे खरोखर पोचतात, ते मुख्यतः दोन योजनांचे, आणि त्या ‘सांभाळणारी’ या नात्याने मिळत नाहीत. एक मिळते म्हातारपणामुळे, अपंगत्वामुळे किंवा एकटेपणामुळे. दुसरी मिळते घर चालवणारी विवाहित बाई म्हणून.

पहिली दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या नावाची, समाजकल्याण खात्याची. साठीच्या पुढचे ज्येष्ठ, दिव्यांग, विधवा, घटस्फोटिता, पन्नाशी ओलांडलेल्या अविवाहित स्त्रिया आणि एचआयव्हीबाधित या योजनेत येतात. ज्येष्ठांना महिना २,००० रुपये मिळतात. दिव्यांगांना त्याहून जास्त, आणि अपंगत्व ९० टक्के किंवा त्यावर असेल तर आणखी जास्त.

दुसरी गृह आधार. ही महिला आणि बाल विकास खात्याची, २०१२ पासूनची, महिना १,५०० रुपयांची. पती-पत्नीचं मिळून वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असावं लागतं.

दोन्हींना गोव्यातलं १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. सरकारी खाती मात्र दोन आहेत, हे नीट लक्षात ठेवा. एका खात्याला दिलेला कागद दुसऱ्या खात्याला पोचत नाही. गृह आधारचा कागद तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे जातो, दयानंदचा समाजकल्याणकडे.

पहिली पायरी: प्रत्येकाचं एक पान

शाळेची दोनशे पानी वही घ्या. घरातल्या प्रत्येक माणसाला एक पान द्या, लहान मुलांनासुद्धा. पानावर जन्मतारीख, आधार क्रमांक, बँकेचं खातं, रेशनकार्डावर नाव आहे की नाही, आणि त्या माणसाच्या नावाने आज कोणते पैसे येतात ते लिहा. मग ‘एका माणसाला एक’ हा नियम एकेका पानाला लावून बघा.

आमच्या घरी हे असं दिसलं. सासूबाई: ७१ वर्षं, विधवा, झटक्याआधी सुपारी-काजूवर स्वतःचं भागवायच्या, त्यामुळे कधी अर्जच केला नव्हता. त्यांचं पान रिकामं होतं. मी: विवाहित, गृह आधार चालू. माझा नवरा: खाणीवर नोकरी होती ती गेली, आता टेम्पो चालवतो, काही नाही. नणंद: ५२ वर्षांची, अविवाहित, आमच्याकडेच राहते, आईला अंघोळ घालणं, कूस बदलणं हे निम्मं काम तिचंच. तिच्या पानावरही काही नव्हतं, आणि चौघांत कोणालाच सुचलं नव्हतं की पन्नाशीनंतरची अविवाहित बाई म्हणून ती स्वतःच दयानंदमध्ये बसते.

अशा अविवाहित मुली, बहिणी गावोगाव आहेत. आईबापांना सांभाळता सांभाळता त्यांचं लग्नाचं वय निघून गेलं. गृह आधार विवाहित बाईसाठी असल्याने त्यांना ते मिळत नाही, आणि पन्नाशीच्या आत असतील तर दयानंदच्या या गटातही त्या येत नाहीत. पंचेचाळीस वर्षांची मुलगी रात्रंदिवस बापाची सेवा करते आणि तिच्या नावाने दरमहा एक पैसा येत नाही, हे मला फार अन्यायाचं वाटतं. तिच्यासाठी एवढंच करता येतं की वडिलांच्या नावाने मिळणारं काहीही सुटू द्यायचं नाही आणि तिची पन्नाशी वहीत ठळक लिहून ठेवायची.

ज्येष्ठ म्हणून की दिव्यांग म्हणून

इथे सर्वांत जास्त लोक चुकतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

आजारी माणूस साठीच्या पुढचा असला की फॉर्मवर सवयीने ‘ज्येष्ठ नागरिक’ला खूण केली जाते. पण त्याच माणसाला अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळत असेल, तर दिव्यांग म्हणून मिळणारी रक्कम मोठी असते. याचं कारण त्याच २४व्या कलमात आहे. तशाच दुसऱ्या योजनेत इतरांना जेवढं मिळतं, त्याच्या किमान २५ टक्के जास्त दिव्यांगांना दिलं पाहिजे, असं कायदा म्हणतो. हिशेब सोपा आहे: २,००० च्या सव्वापट २,५००. दोन्ही मिळून ४,५०० होत नाहीत, एकच गट निवडायचा असतो. म्हणून ज्यात जास्त मिळतं तो निवडा.

त्यासाठी आधी प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हवं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळाकडे. उत्तरेत म्हापशाचं जिल्हा रुग्णालय, दक्षिणेत मडगावचं, शिवाय बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, आणि मानसिक आजारांसाठी तिथलीच मनोविकार संस्था. कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. अर्धांगवायूमुळे आलेलं अपंगत्व चलनवलनाच्या प्रकारात येतं, पार्किन्सन वेगळा नोंदलेला आहे. ४० टक्के किंवा त्यावर गेलात की बहुतेक सवलती सुरू होतात. कार्डाच्या रंगावरूनही कळतं: ४० च्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि पुढे निळं.

झटक्यानंतर लगेच मंडळासमोर नेऊ नका. माणूस किती सावरतो हे बघूनच टक्केवारी ठरते, त्यासाठी साधारण सहा महिने थांबावं लागतं. पण तेवढा काळ हात जोडून बसायची गरज नाही. वय साठीच्या पुढे असेल तर ज्येष्ठ म्हणून अर्ज लगेच करा, मंजूर होऊ द्या, आणि प्रमाणपत्र हाती आल्यावर गट बदलून मागा. सात महिने उशिरा का होईना, आम्ही तसंच केलं. गट बदलायच्या अर्जासोबत जुन्या मंजुरीच्या पत्राची प्रत जोडा, नाहीतर तो दुसरा नवा अर्ज समजला जातो आणि एकाच आधारवर दोन अर्ज दिसले म्हणून दोन्ही अडकतात.

मंडळाकडे जाताना फक्त डिस्चार्ज कार्ड नेऊन भागत नाही. सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा रिपोर्ट, फिजिओथेरपीची नोंद, आणि माणूस स्वतः. सासूबाईंना रिक्षातून उतरवून चाकाच्या खुर्चीत बसवताना त्या लाजून म्हणाल्या, ‘मी चालते गो थोडी.’ डॉक्टरांपुढेही त्यांनी तसंच सांगितलं. आपल्या म्हाताऱ्या माणसांना परक्यापुढे कमीपणा दाखवायला नको वाटतो. मी मग डॉक्टरांना दिवसभराचं सांगितलं, सकाळी संडासला नेण्यापासून रात्री कूस बदलण्यापर्यंत. तुम्हीही तेच करा. चांगल्या दिवशी काय जमतं यापेक्षा रोज काय जमत नाही ते सांगा, आणि खरं तेवढंच सांगा.

उत्पन्नाचा दाखला जुना वापरू नका

दयानंदमध्ये घरातलं दरडोई उत्पन्न बघितलं जातं, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न भागिले घरातली माणसं. म्हणून रेशनकार्डावर सर्वांची नावं असणं महत्त्वाचं. नातू जन्मून तीन वर्षं झाली तरी त्याचं नाव घातलेलं नाही, असं कितीतरी घरांत असतं. एक डोकं कमी मोजलं की दरडोई आकडा वर जातो.

गृह आधारमध्ये पती-पत्नी दोघांचं मिळून ३ लाख. इथे एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. घरातला कमावता पुरुषच आजारी पडला, किंवा बायकोने आजाऱ्याला सांभाळायला नोकरी सोडली, तर त्या जोडप्याचं उत्पन्न घटतं. पूर्वी ३ लाखांच्या वर असल्याने ज्यांना नकार मिळाला होता, त्यांना आता ती मदत मिळू शकते. पण मामलेदार कार्यालयाचा जुना दाखला जोडला तर उत्तर जुनंच येणार. नोकरी सुटल्याचं पत्र, शेवटची पगारपावती जोडून नवा दाखला काढा. आमच्या ओळखीतली एक शिक्षिका खाजगी शाळा सोडून घरी बसली, मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. दोन वर्षं तिला वाटत होतं की आपण एकदा नाकारले गेलो म्हणजे कायमचे.

गोव्यातल्या जोडप्यांसाठी आणखी एक. आपल्याकडे नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणून आयकर कायदाही पगार सोडून बाकी उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंद्याचा नफा, दोघांत निम्मं-निम्मं धरतो. नवऱ्याच्या दुकानगाळ्याचं भाडं येत असेल, तर बायकोच्या विवरणपत्रातही अर्धं भाडं दिसतं. गृह आधारच्या एकूण आकड्याला त्याने फरक पडत नाही, कारण तिथे दोघांची बेरीजच धरतात. पण फॉर्मवर ‘पत्नीचे उत्पन्न: शून्य’ असं लिहिलंत आणि विवरणपत्रात अर्धं भाडं निघालं, तर कागद एकमेकांशी जुळत नाहीत. जे भरलंय तेच लिहा.

विधवेचं वेगळं आहे

‘एका माणसाला एक’ या नियमाला अपवाद आहे आणि तो मोठा आहे. जिचं सर्वांत धाकटं मूल २१ वर्षांच्या आत आहे अशा विधवेला महिना ४,००० रुपये मिळतात. पूर्वी त्यांतले अडीच हजार एका खात्याकडून आणि दीड हजार दुसऱ्याकडून यायचे, दोन दारं हिंडावी लागायची. आता ही सगळी रक्कम समाजकल्याणकडूनच येते. नवऱ्याच्या आजारपणात बायकोच्या नावाने नुसतं गृह आधार चालू असेल आणि तो गेला, तर ती अनेकदा दुःखात दीड हजारांवरच राहते. तिला कोणी सांगत नाही. मृत्यूचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले घेऊन तिच्यासाठी तुम्ही जा. मुलाने एकविशी ओलांडली की ही वाढीव रक्कम उतरते, ती तारीखही वहीत लिहा.

आई किंवा बाप असा खिळलेला असेल की मुलांकडे बघता येत नाही, तर मुलासाठी वेगळं दारही आहे. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतलं प्रायोजकत्व, मुलामागे महिना ४,००० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. उत्पन्नाची मर्यादा गावात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,०००. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे विचारा.

औषधपाण्याच्या योजना

या योजना दरमहा येणाऱ्या पैशांशी भांडत नाहीत. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड असल्याने दयानंद किंवा गृह आधार कमी होत नाही. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांना चार लाख, वास्तव्य पाच वर्षांचं. सरकारी नोकरांना ही योजना नाही, त्यांची सोय वेगळी आहे.

सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंत उपचार. इथे मात्र निवड करावी लागते ती माजी सैनिकांच्या किंवा केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना: जुनी ठेवा किंवा हे घ्या. खाजगी विमा असेल किंवा ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, असेल तर अडचण नाही.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना घ्या, एक लाखापर्यंतची. तिचं वैशिष्ट्य असं की दवाखान्यात दाखल न होता होणारा खर्च, थेरपीचा खर्च त्यात मागता येतो. दीनदयाळचं कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येतं, निरामय रोजच्या थेरपीला. दोन्ही ठेवा. फक्त एकच बिल दोन्हीकडे लावू नका.

निवृत्तिवेतन आणि कर

घरात सरकारी निवृत्तिवेतन असेल तर चित्र बदलतं. निवृत्त कर्मचाऱ्याचं मूल दिव्यांग असेल आणि कमावू शकत नसेल, तर आईबापांच्या मागे त्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. ते दयानंदपेक्षा कितीतरी मोठं असतं, आणि ते सुरू झाल्यावर दयानंद सोडावं लागतं. सोडताना वाईट वाटून घेऊ नका. खरी काळजी दुसरीच आहे: त्या मुलाचं नाव आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र आईवडील हयात असतानाच निवृत्तिवेतनाच्या कागदांत गेलं पाहिजे. गोवा सरकारचे निवृत्त असाल तर पणजीच्या लेखा संचालनालयात जा. मागे राहिलेल्या भावंडांना हे नंतर सिद्ध करताना फार त्रास होतो.

कर भरणाऱ्यांसाठी, दिव्यांग नातेवाइकाला सांभाळण्याबद्दल ७५,००० ची वजावट आहे, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. खर्चाची बिलं लागत नाहीत, ठरलेली रक्कम मिळते. जुनी करपद्धत निवडलेली असली तरच. आणि तो नातेवाईक स्वतःच्या विवरणपत्रात स्वतःच्या अपंगत्वाची वजावट घेत असेल, तर तुम्हाला ती मिळत नाही. पार्किन्सन, स्मृतिभ्रंश अशा काही आजारांच्या उपचारखर्चाची वजावट निराळी आहे, तिच्यातून विम्याने परत दिलेले पैसे वजा होतात.

सीमेपलीकडून आलेल्या सुनांसाठी

आमच्या भागात सावंतवाडी, दोडामार्गकडच्या सुना पुष्कळ. त्यांचं आधार आणि रेशनकार्ड अजून माहेरचं असतं. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात लाडकी बहीण सुरू झाली तेव्हा अनेकींचे माहेरच्या पत्त्यावर अर्ज गेले, भावाने भरले. ही योजना महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी आहे, गृह आधार गोव्यात राहणाऱ्यांसाठी. दोन्हीकडे रहिवासी असल्याचं कोणी खरं सांगू शकत नाही, आणि आधार एकच असल्याने कधी ना कधी ते उघड होतं. संजय गांधी निराधार योजनेचंही तसंच: सिंधुदुर्गातून आईला इकडे आणली असेल तर तिचे तिकडचे पैसे कधी आणि कसे बंद करायचे ते आधी ठरवा. इकडे १५ वर्षं भरल्याशिवाय दयानंद मिळणार नाही, हे डोळ्यांसमोर ठेवून.

बँक, अंगठा आणि हयातीचा दाखला

पैसे आजारी माणसाच्या खात्यात येतात. ते काढणारे हात तुमचे असतात. म्हणून त्याचं डोकं ठिकाणावर आहे तोवरच खातं संयुक्त करून घ्या, ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ या अटीवर.

सासूबाईंचा उजवा हात गेला होता, सही संपली. डाव्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटेना. आयुष्यभर काजूच्या बिया फोडल्या त्यांनी. त्या सालीच्या तेलाने बोटांची कातडी जळून गुळगुळीत झालेली. यंत्र दर वेळी लाल दिवा दाखवायचं आणि त्या स्वतःच्याच अंगठ्याकडे बघत बसायच्या. एका बँकेत आम्हांला तीन वेळा परत पाठवलं. नंतर कळलं की रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये अशा खातेदारांची सोय आहेच: आजारी माणसाचा हाताचा अंगठा किंवा पायाचा अंगठा कागदावर घेऊन पैसे काढता येतात, त्याला खातेदाराशी संबंध नसलेले दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. सत्तरीच्या पुढच्यांना आणि दिव्यांगांना घरी येऊन सेवा द्यावी असंही २०१७ पासून सांगितलेलं आहे. शाखेत जाऊन हेच शब्द वापरा, आणि अर्ज लेखी द्या. तोंडी विनंती विसरली जाते.

बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. सतराव्या वर्षीच कागद जमवायला लागा, नाहीतर त्याच्याच खात्यातले त्याचेच पैसे तुम्हाला हात लावता येत नाहीत.

आता हयातीचा दाखला. वर्षातून एकदा द्यावा लागतो आणि तो राहिला की पैसे थांबतात, कारण समोरच्या खात्याला माणूस आहे की गेला हे कळायला दुसरा मार्ग नसतो. मी एका वर्षी माझा गृह आधारचा दिला आणि मनात धरलं की घराचं झालं. सासूबाईंचा राहिला. तीन महिने पैसे आले नाहीत तेव्हा लक्षात आलं. दोन माणसं, दोन खाती, दोन दाखले. अंथरुणावरच्या माणसाला कार्यालयात नेता येत नसेल तर पंचायतीवर येणाऱ्या स्वयंपूर्ण मित्राला, म्हणजे गावासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, आधी सांगून ठेवा, दाखल्यावर सही कोणाची चालते हे ते सांगतात. दिलेल्या प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली पोच घ्या आणि ती वहीत त्या माणसाच्या पानालाच चिकटवा. वेगळी फाईल केली की ती कपाटावर जाते.

बदल झाला की स्वतःहून कळवा

लग्न, नोकरी, दुसरं निवृत्तिवेतन, गोव्याबाहेर कायमचं राहायला जाणं, मृत्यू. यांतलं काहीही झालं तर खात्याला लेखी कळवा. माणूस गेल्यावरही त्याच्या बँक खात्यात पैसे पडत राहिले तर ते परत मागितले जातात, आणि तोवर दिवसकार्यात ते खर्च झालेले असतात. एकाच बाईने दोन्हीकडून घेतलेल्या पैशांच्या वसुलीच्या नोटिसाही लोकांना आलेल्या आहेत. त्यांत मुद्दाम फसवणारे थोडे. बाकीच्यांनी साठी झाल्यावर दयानंदचा फॉर्म भरला आणि गृह आधार बंद करायला सांगायचं राहून गेलं.

त्यामुळे सांभाळणारीच साठीला टेकली असेल, तर वाढदिवसाच्या दोन-तीन महिने आधीपासून तयारी करा. वास्तव्याचा दाखला, नवा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची प्रत. दयानंद मंजूर झाल्याचं पत्र आलं की त्याच आठवड्यात बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे गृह आधार थांबवण्याचा अर्ज द्यायचा, मंजुरीची प्रत जोडून, आणि पोच घ्यायची. मधल्या काळात दोन्हीकडचे पैसे एखाद्या महिन्यात आलेच तर ते खात्यातच ठेवा, खर्च करू नका.

माझ्या मोठ्या जावेला येत्या मार्चमध्ये साठ पूर्ण होतात. ती आपल्या वडिलांना सांभाळते, ते नव्वदीत आहेत. तिच्या पानावर मी पेन्सिलीने ‘डिसेंबर’ असं लिहून ठेवलंय.